पावसाळ्यात सुटणारी खडी: मॉडेल रेल्वेच्या रुळांसाठी चिकटद्रव्य निवडताना

मॉडेल रेल्वे उभारणाऱ्यांची एक तक्रार दरवर्षी जुलै-ऑगस्टच्या सुमारास हमखास ऐकू येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मन लावून अंथरलेली आणि चिकटवलेली रुळांखालची खडी पावसाचा जोर वाढला की सुटू लागते. बोट फिरवले की कण हाताला लागतात, स्लीपरच्या बाजूचा उतार ढासळतो आणि एखादा कण सांध्याच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या जोडणीच्या) पात्यात किंवा इंजिनाच्या दातेरी चाकात अडकून गाडी जागच्या जागी थांबते. यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: याहून घट्ट चिकटणारे काय मिळेल?

चिकटद्रव्याची ताकद कमी पडली म्हणून खडी सुटली, असे मला फार क्वचित आढळले आहे. रुळांखालच्या खडीवर भार जवळजवळ नसतोच. रूळ आधीच खिळ्यांनी किंवा चिकटवून बसवलेले असतात आणि खडीला फक्त जागेवर राहायचे असते. ती सुटते ती दोन कारणांनी. एक तर चिकटद्रव्य तळापर्यंत पोचलेलेच नसते, नाही तर पोचून, वाळून, हवेतल्या दमटपणाने ते पुन्हा मऊ पडलेले असते. हे दोन दोष वरून अगदी सारखे दिसतात, पण त्यांचे उपाय वेगवेगळे आहेत. त्यामुळे नवी बाटली विकत घेण्याआधी आपल्या घरी यांपैकी नेमके काय घडले आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

आधी दोष ओळखावा

जिथे खडी सुटली आहे, त्याच्या शेजारचा अजून धरून असलेला भाग निवडावा आणि दाभण किंवा जाड सुई त्यात उभी खुपसावी. सुईला वरच्या एक-दीड मिलिमीटरपर्यंत विरोध होऊन पुढे ती सहज आत गेली, तर वर कवच आणि खाली कोरडी खडी अशी स्थिती आहे असे समजावे. त्या कवचाचा नखाएवढा तुकडा उचकटून उलटा धरला की खात्री पटते: वरची बाजू एकसंध असते आणि खालच्या बाजूचे कण फुंकर मारताच उडून जातात. हा पहिला दोष.

सुई वरपासून तळापर्यंत सारख्याच, पण रबरासारख्या मऊ विरोधाने आत गेली आणि बाहेर काढताना कणांमध्ये बारीक तंतू ताणले गेलेले दिसले, तर चिकटद्रव्य सगळीकडे पोचलेले आहे, मात्र ते मऊ झालेले आहे. अशा जागी पाण्याचा एक थेंब ठेवून दहा मिनिटांनी पाहावे. तिथला पदार्थ दुधाळ पांढरा झाला आणि कण बोटाने सरकू लागले, तर शंकेला जागा उरत नाही. हा दुसरा दोष. एकाच मांडणीत दोन्ही दोष असू शकतात, म्हणून तपासणी निदान तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी करावी. खिडकीजवळचा भाग आणि भिंतीलगतचा भाग यांत बराच फरक आढळतो.

पहिला दोष: चिकटद्रव्य तळापर्यंत न पोचणे

पाण्याचा पृष्ठताण मोठा असतो. २५ अंश सेल्सिअसला तो सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर भरतो. कोरड्या, बारीक खडीवर पातळ केलेल्या चिकटद्रव्याचा थेंब सोडला, की तो आत झिरपण्याऐवजी गोळा होऊन बसतो, आजूबाजूचे कण अंगाला लावून घेतो आणि जागा बदलतो. मागे उरतो तो एक छोटा खड्डा. हे टाळण्यासाठी पुष्कळजण मिश्रण आणखी दाट करतात आणि त्यामुळे ते तळाशी पोचण्याची उरलीसुरली शक्यताही मावळते.

योग्य मार्ग असा की, चिकटद्रव्य टाकण्याआधी खडी पूर्ण भिजवून घ्यावी आणि भिजवण्याच्या पाण्याचा पृष्ठताण कमी केलेला असावा. औषधाच्या दुकानात मिळणारे ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि पाणी दोन भाग घेतले, तर त्या मिश्रणाचा पृष्ठताण नुसत्या पाण्याच्या निम्म्याहूनही खाली येतो आणि खडी ते लगेच शोषून घेते. हे मिश्रण बारीक तुषार देणाऱ्या बाटलीने, हात उंच धरून मारावे, म्हणजे दाबाने कण उडणार नाहीत. खडीचा रंग वरपासून उताराच्या पायथ्यापर्यंत गडद झाला, म्हणजे ती भिजली. अल्कोहोल ज्वलनशील आहे. खिडकी उघडी ठेवावी आणि त्याच टेबलावर सोल्डरिंगची इस्त्री तापत ठेवू नये. अल्कोहोल वापरायचे नसेल, तर पेलाभर पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एकच थेंब पुरतो. जास्त साबणाने फेस होतो आणि तो फेस कणांवर डाग ठेवून वाळतो.

अल्कोहोल थेट पांढऱ्या चिकटद्रव्यात ओतू नये. प्रमाण वाढले की मिश्रण फाटते, त्यात गुठळ्या होतात आणि ड्रॉपरचे तोंड बुजते. आधी भिजवणे आणि मग चिकटद्रव्य सोडणे, असे दोन टप्पे वेगळे ठेवले की हा प्रश्न येत नाही.

चिकटद्रव्य सिरिंजने किंवा ड्रॉपरने सोडावे आणि त्याचे टोक स्लीपरला टेकवून थेंब स्लीपरवरून खडीत ओघळू द्यावा. वरून टाकलेला थेंब भिजलेल्या खडीतही खड्डा पाडतो. किती सोडावे, याचा अंदाज डोळ्यांनीच घ्यायचा असतो. उताराच्या पायथ्याशी, जिथे खडी फळीला भेटते, तिथे दुधाळ कड दिसू लागली की त्या जागी पुरेसे झाले. ही कड दिसेपर्यंत थांबण्याचा धीर ठेवला, तर पहिला दोष जवळजवळ कधीच उद्भवत नाही.

यात खडीचाही वाटा मोठा आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. भारतीय रेल्वेच्या मार्गावरची खडी साधारण २० ते ६५ मिलिमीटर आकाराची असते. १:८७ या प्रमाणात, म्हणजे एचओमध्ये, ती पाव ते पाऊण मिलिमीटर होते. १:१६० च्या एन प्रमाणात त्याच्याही जवळपास निम्मी. आपल्याकडे बांधकामाच्या क्रश सँडमधून ही खडी घरीच चाळून घेण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक मार्गांवर खरी खडीही याच काळ्या बेसॉल्टची असते. तिचा करडा रंग विकतच्या पाकिटात सहसा सापडत नाही. मात्र चाळणीतून पडणारी दगडाची भुकटी तशीच राहिली, तर ती कणांमधल्या फटी बुजवते आणि चिकटद्रव्याची वाट अडते. म्हणून चाळलेली खडी पाणी नितळ होईपर्यंत धुवावी आणि उन्हात कडक वाळवावी. नंतर लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्यातून फिरवावे. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे काळे कण असतात. ते चुंबकाला दाटीने चिकटतात. काढले नाहीत, तर पुढे इंजिनाच्या मोटरचा चुंबक ते उचलल्याशिवाय राहत नाही.

कोकण रेल्वेचा भाग साकारणारे खडीत जांभ्याची लाल माती मिसळतात. रंग सुरेख येतो, पण मातीचे चिकण कण भुकटीसारखेच वाट बुजवतात. लाल माती खडी पक्की झाल्यावर कोरड्या ब्रशने वरून भुरभुरावी आणि तुषाराने हलकेच बसवावी. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू मात्र वापरूच नये. तिच्यातले मीठ हवेतला ओलावा ओढत राहते, त्यामुळे कोणतेही चिकटद्रव्य तिच्यात नीट कोरडे होत नाही आणि रुळांवर गंजाचे डाग येतात ते वेगळेच.

काही परदेशी ब्रँडची खडी अक्रोडाच्या कवचाच्या चुऱ्याची असते. ती हलकी असल्याने पाण्यावर तरंगते. तिला तुषार दोन-तीन हलक्या हातांत द्यावा आणि प्रत्येक वेळी थोडे थांबावे.

दुसरा दोष: वाळलेले चिकटद्रव्य पुन्हा मऊ पडणे

आपल्याकडे खडीसाठी सर्रास वापरले जाते ते सुतारकामाचे पांढरे चिकटद्रव्य, ज्याला घरोघरी फेविकॉल म्हणूनच ओळखतात. रसायनाच्या भाषेत ते पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, थोडक्यात पीव्हीए. पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे सूक्ष्म कण, असे त्याचे स्वरूप असते. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांत मिसळून पातळ पापुद्रा तयार होतो. लाकडाच्या सांध्यात, दोन फळ्यांच्या मध्ये दाबून धरलेल्या अवस्थेत, हा पापुद्रा अनेक वर्षे टिकतो. खडीत त्याची परिस्थिती फार वेगळी असते.

पहिली गोष्ट अशी की, पीव्हीए सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास कडक अवस्थेतून मऊ अवस्थेत जाते आणि त्यात ओलावा मुरला की हे तापमान आणखी खाली येते. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैच्या दुपारी खोलीचे तापमान याच सीमेवर असते. दुसरी गोष्ट, हे कण पाण्यात स्थिर राहावेत म्हणून बहुतेक पीव्हीएमध्ये पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घातलेले असते आणि ते पाण्यात विरघळणारे आहे. पापुद्रा वाळल्यावरही ते आतच राहते आणि हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर गेला की ओलावा ओढून घेऊ लागते. फळ्यांच्या मध्ये हवा पोचत नाही. खडीमध्ये मात्र चिकटद्रव्य कणाकणाभोवती अतिशय पातळ थराने पसरलेले असते आणि त्याच्या चहूबाजूंनी हवा खेळत असते, त्यामुळे जे लाकडाच्या सांध्यात घडत नाही ते इथे दर पावसाळ्यात घडते.

पुण्याच्या किंवा नाशिकच्या तुलनेने कोरड्या हवेत बंद खोलीत केलेल्या मांडणीत हाच पीव्हीए वर्षानुवर्षे उत्तम चालतो आणि त्याला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. तळकोकणात, गोव्यात किंवा समुद्रालगतच्या मुंबईत, वातानुकूलन नसलेल्या खोलीत, तो निवडताना मात्र विचार करावा. अमेरिकेत किंवा युरोपात गॅरेजमध्ये मांडणी ठेवणाऱ्या मराठी मंडळींची अडचण उलट असते: थंडीत तापमान फार खाली गेले असताना पीव्हीए लावला, तर कण एकमेकांत मिसळतच नाहीत आणि पापुद्रा होण्याऐवजी खडूसारखी पांढरी भुकटी उरते. तिथे खोली उबदार करून मगच काम सुरू करावे.

मग कोणते चिकटद्रव्य?

निवड करताना मी तीन प्रश्न विचारतो. ते दमट हवेत मऊ पडेल का? पुढे रूळ उचलायचे झाले, तर ते सुटेल का? आणि वाळल्यावर ते किती कडक होईल? तिन्ही प्रश्नांना मनासारखे उत्तर देणारे चिकटद्रव्य अस्तित्वात नाही, म्हणून आपल्याला कोणत्या प्रश्नाची किंमत जास्त वाटते, हे आधी ठरवावे लागते.

पीव्हीएचा मोठा गुण असा की, तो मागे घेता येतो. कोमट पाण्यात थोडा साबण घालून खडीवर ओतावे आणि अर्धा तास थांबावे. सपाट पात्याने रूळ अलगद उचलला जातो आणि धुतला की पुन्हा वापरता येतो. ज्यांची मांडणी अजून बदलते आहे, ज्यांना एखादा फाटा वर्षभराने हलवावा लागणार आहे, त्यांच्यासाठी हा गुण फार मोलाचा आहे, कारण आयात केलेला एखादा सांधा तुटणे परवडणारे नसते. प्रमाण एक भाग पीव्हीए आणि तीन भाग पाणी असे ठेवावे. सुतारकामासाठी मिळणाऱ्या पाणीरोधक, मरीन दर्जाच्या चिकटद्रव्याचा मोह होतो. पण ते अधिक कडक होते, सहज सुटत नाही आणि तीन पट पाणी घालून वापरण्यासाठी ते बनवलेले नाही.

किनाऱ्यालगतच्या घरांसाठी माझी पहिली पसंती ॲक्रिलिक मॅट मीडियमला आहे. चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात ते मिळते. रंगाची चमक घालवण्यासाठी चित्रकार ते वापरतात. एक भाग मीडियम आणि चार भाग पाणी, एवढे पातळ करूनही खडी नीट धरते. वाळल्यावर पापुद्रा लवचीक राहतो, पाण्याने पुन्हा दुधाळ होऊन विरघळत नाही, आणि त्याला चमक नसल्याने खडी ओली दिसत नाही. हा शेवटचा मुद्दा गौण वाटेल, पण पीव्हीएने चिकटवलेली बेसॉल्टची खडी एक छटा गडद होते आणि दिव्याखाली चमकते, आणि त्यावर पुन्हा रंगकाम करावे लागते. मॅट मीडियममध्ये चमक घालवणारी पूड तळाशी बसते, म्हणून बाटली आधी हलवावी आणि पातळ केलेले मिश्रणही काम चालू असताना अधूनमधून ढवळावे. याच्या बाजूने न जाणाऱ्या गोष्टी दोन: किंमत पीव्हीएच्या कित्येक पट असते, आणि रूळ उचलायचा झाल्यास पाणी उपयोगाचे नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतून थर मऊ करावा लागतो. याच कारणाने रुळांचा माथा अल्कोहोलने पुसताना फडके निथळते नसावे.

तिसरा पर्याय नैसर्गिक रबराच्या लेटेक्सचा. ब्रिटनमध्ये हा मार्ग बराच रूढ आहे आणि त्याचे कारण आवाज. कडक वाळणारे चिकटद्रव्य स्लीपर, खडी, रुळांखाली अंथरलेला कॉर्क आणि प्लायवूड या सगळ्यांना जोडून टाकते, आणि मग चाकांची घरघर थेट फळीत उतरते. फळीखालची पोकळी तबल्यासारखी तो आवाज मोठा करते. लेटेक्स रबरासारखे राहत असल्याने ही साखळी मध्येच तुटते. उचलायचे झाले तर खडीची पट्टी सोलून निघते. मात्र लेटेक्समध्ये अमोनिया असतो. पितळी रूळ असणाऱ्यांनी ते टाळावे आणि वास खोलीबाहेर जाऊ द्यावा. त्याला भिजवण्यासाठी अल्कोहोल चालत नाही, कारण अल्कोहोल लागताच लेटेक्स गोठते. तिथे साबणाचे पाणीच वापरावे. वर्षे जातात तसे ते पिवळट पडते आणि ऊन लागणाऱ्या जागी ठिसूळ होते, हे गृहीत धरावे.

बाकीच्या पर्यायांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. फेविक्विकसारख्या झटपट चिकटणाऱ्या द्रव्याच्या वाफेने रुळांवर आणि स्लीपरवर पांढुरका थर बसतो आणि चिकटलेली जागा कडक व ठिसूळ होते. एपॉक्सी लावलेला रूळ परत मिळत नाही. चप्पल-बुटांसाठी वापरतात तसल्या विलायकयुक्त चिकटद्रव्याने थर्माकोल विरघळतो, आणि आपल्यापैकी अनेकांच्या टेकड्या थर्माकोलच्याच असतात. डिंक आणि कणकेची खळ यांना दमट हवेत बुरशी येते, शिवाय झुरळे आणि कसर लागते. वाळवलेला चहाचा चोथा खडी म्हणून वापरणाऱ्यांनाही बुरशीचा हाच अनुभव येतो. त्याचा उपयोग रुळांपासून दूर, माती दाखवण्यासाठी करावा.

घरच्या घरी चाचणी

बाटलीवरचे लिखाण वाचून किंवा दुसऱ्याच्या शिफारशीवरून निर्णय घेण्यापेक्षा, आपल्या हवेत आणि आपल्या खडीवर चाचणी घेणे केव्हाही चांगले. प्लायवूडच्या एका पट्टीवर कॉर्क लावावा, जुन्या रुळाचे हातभर लांबीचे तुकडे त्यावर बसवावेत आणि प्रत्येकाला वेगळ्या चिकटद्रव्याने खडी लावावी. प्रमाण पेन्सिलीने बाजूलाच लिहून ठेवावे. तीन दिवस पूर्ण वाळल्यावर ती पट्टी झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवावी, शेजारी एक ओला टॉवेल ठेवावा, पट्टीला त्याचा स्पर्श होऊ देऊ नये, आणि झाकण लावून रात्रभर तसेच राहू द्यावे. डब्यातली हवा आपोआप पूर्ण दमट होते, म्हणजे जुलैच्याही पुढची कसोटी लागते. सकाळी सुई खुपसून पाहावी. जे चिकटद्रव्य या रात्रीनंतरही सुईला ताठ विरोध करते, ते आपल्या घरी पावसाळा काढेल.

पांढरी साय, तडे, हिरवे रूळ

खडीवर वाळल्यावर पांढरी साय दिसते, तिची कारणे सहसा दोन असतात. मॅट मीडियम नीट न ढवळल्याने तळाची पूड एका ठिकाणी दाट सुटली असेल, किंवा पाणी जड असेल. बोअरवेलच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर कणांवर उरतातच. भिजवण्यासाठी आणि पातळ करण्यासाठी आरओचे किंवा बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी वापरले की हा त्रास संपतो. आधीच आलेली साय पातळ करड्या-तपकिरी ॲक्रिलिक रंगाच्या हलक्या हाताने झाकता येते.

तडे उताराच्या कडेला पडतात, जिथे खडी जाड असते आणि मिश्रण दाट. वाळवण्यासाठी हेअर ड्रायर वापरला, तरी हेच होते: वरचा थर आधी आकसतो, खालचा ओलाच राहतो. पंखा लांबून सोडावा आणि पावसाळ्यात दोन-तीन दिवस वाट पाहावी. रुळांच्या जोडाजवळ तडा असेल, तर कारण वेगळे आहे. निकेल सिल्व्हरचा (तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचा) एक मीटर रूळ २० अंशांच्या फरकाने सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर लांबतो, आणि प्लायवूड ओलाव्याने हलते ते निराळेच. जोडांमधल्या प्रसरणफटीत चिकटद्रव्य भरले गेले, तर हे हलणे रुळांना वाकवते. काम चालू असतानाच या फटी पातळ कागद सरकवून मोकळ्या ठेवाव्यात.

रुळांना हिरवट डाग पडतात, कारण पीव्हीए किंचित आम्लधर्मी असतो आणि रुळांच्या मिश्रधातूत तांबे असते. चिकटद्रव्य ओले असतानाच रुळांचा माथा आणि आतली कड ओलसर फडक्याने पुसली, की पुढचे घासणे वाचते.

सांध्यांची विशेष काळजी

सगळ्यात महाग चूक इथे होते, म्हणून येथे घाई करू नये. चिकटद्रव्य केशाकर्षणाने पात्यांखाली आणि पाती हलवणाऱ्या सरकत्या स्लीपरच्या खाचेत ओढले जाते, आणि पृष्ठताण कमी केलेले मिश्रण तर आणखी सहज ओढले जाते. पाती असलेल्या भागात खडी फार कमी, स्लीपरच्या माथ्याच्या बरीच खाली ठेवावी. सरकत्या स्लीपरच्या दोन्ही बाजूंना तर ती नसलेलीच बरी. त्या जागी फळीला खडीच्या रंगाचा रंग देऊन, रंग ओला असताना चिमूटभर बारीक कण भुरभुरले, तर दोन फुटांवरून फरक कळत नाही. इथे तुषाराची बाटली अजिबात वापरू नये. भिजवण्याचे मिश्रणही ड्रॉपरनेच, थेंबाथेंबाने द्यावे. पाती मधल्या स्थितीत ठेवून काम करावे आणि वाळत असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी हाताने दोन्ही बाजूंना सरकवावीत. काहीजण खाचेत आधी तेलाचा थेंब सोडतात. ते तेल खडीत पसरले की तिथे कोणतेच चिकटद्रव्य धरत नाही, म्हणून मी ते सुचवत नाही.

आधीच सुटलेली खडी दुरुस्त करताना

दोष पहिल्या प्रकारचा असेल, तर आहे ती खडी काढण्याची गरज नाही. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडावर जुना नायलॉनचा मोजा ताणून बांधावा आणि फक्त सुटे कण ओढून घ्यावेत. ते मोज्यात अडकतात, धुऊन पुन्हा वापरता येतात. उरलेल्या कवचाला सुईने बोटभर अंतरावर भोके पाडावीत, त्या भोकांतून आधी अल्कोहोलचे पाणी आणि मग पातळ चिकटद्रव्य सोडावे, आणि पायथ्याशी दुधाळ कड दिसेपर्यंत थांबावे.

दोष दुसऱ्या प्रकारचा असेल, तर पावसाळ्यात हात लावू नये. मऊ पडलेल्या पीव्हीएवर पुन्हा पीव्हीए ओतल्याने थर जाड होतो आणि पुढच्या वर्षी तोही मऊ पडतो. नोव्हेंबरपर्यंत वाट पाहावी. हवा कोरडी झाली की जुना थर पुन्हा कडक होतो. मग खडी भिजवून तिच्यावर मॅट मीडियमचे पातळ मिश्रण द्यावे. भिजवल्याने जुना थर वरवर सैल होतो आणि नवे ॲक्रिलिक त्यात गुंतून बसते. जिथे जुना थर हाताला लागताच पापुद्र्याने निघतो, तिथे मात्र कोमट पाण्याने ती लांबी पूर्ण उचलून नव्याने करणे शहाणपणाचे. दरम्यान मांडणीवर प्लास्टिकचा कागद झाकू नये. त्याखाली ओलावा कोंडतो. सुती चादर धूळही अडवते आणि हवाही खेळू देते.

शेवटची काळजी विजेची. ओले चिकटद्रव्य वीज वाहून नेते आणि रुळांत प्रवाह असेल, तर त्यांच्या कडांवर काळे-हिरवे थर जमतात. काम सुरू करण्याआधी रुळांना वीज देणाऱ्या कंट्रोलरची जोडणी काढून ठेवावी. सर्व इंजिने आणि दिवे असलेले डबे रुळांवरून उचलावेत, मल्टिमीटरने दोन रुळांमधला रोध मोजावा आणि तो आकडा टिपून ठेवावा. दुरुस्ती वाळल्यावर पुन्हा तोच रोध मोजावा. तो पूर्वीच्या आकड्यापर्यंत परत आला नसेल, तर खडीच्या तळाशी अजून ओल आहे, आणि जोडणी आणखी एक दिवस काढलेलीच ठेवावी.